मुलांच्या हातीं सोंपविलेलीं मुलें

ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक पॅरिश आपला जमाखर्च मांडून बसते. देऊळ केव्हां उभें राहिलें, घंटा कोणी दिली, वेदीची दुरुस्ती कोणत्या फादरांच्या कारकीर्दींत झाली, शाळेच्या खोल्या कितींवरून कितींवर गेल्या, हें सर्व मोजतां येतें. आणि तें मोजणें हें कृतज्ञतेचें लक्षण आहे. परंतु एक रक्कम अशी आहे कीं जी कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. आपल्या शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलांपैकीं दुसऱ्याचें ओझें आपण होऊन उचलण्यास शिकलेलीं किती? आज सणाच्या तयारीस तेच चार वृद्ध हात पुढें येतात, मंडळाच्या चिटणिसाची जागा रिकामी राहते, आणि आम्ही वडील माणसें देवळाच्या पायऱ्यांवर उभीं राहून म्हणतों कीं हल्लींच्या मुलांत पुढारीपणा उरला नाहीं.

हा आरोप खरा कीं खोटा हें ठरविण्यापूर्वीं आम्हांस दुसराच एक प्रश्न विचारावासा वाटतो. पुढारीपणा आणि शील या शाळेंत शिकवितां येण्यासारख्या गोष्टी आहेत काय? असल्यास त्या व्याख्यानानें शिकविल्या जातात, बक्षिसानें शिकविल्या जातात, कीं आणखी कशानें? या प्रश्नाचें एक उत्तर इटलींतील तुरीन शहराच्या कडेस, व्हाल्दोक्को नांवाच्या गरीब वस्तींत, दीडशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं मिळालें आहे. तो इतिहास आपल्यापैकीं पुष्कळांनीं तुकड्यातुकड्यांनीं ऐकला असेल. येथें तो या एका प्रश्नाच्या धाग्यांत ओंवून वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

संत जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं पीडमाँट प्रांतांतील बेक्की या वाडीवर एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. ते दोन वर्षांचेहि झाले नव्हते तोंच वडील वारले. आई मार्गारेत हिनें शेतांत राबून मुलांस वाढविलें. जत्रेंतील डोंबाऱ्यांचे खेळ पाहून लहानगा जॉन ते शिकला आणि सुट्टीच्या दिवशीं गांवच्या लोकांस दोरावर चालून दाखवूं लागला. खेळास तिकीट नव्हतें. मात्र शेवटची कसरत होण्यापूर्वीं सर्वांनीं जपमाळ म्हणावी आणि देवळांतील त्या दिवसाचें प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हां ऐकून घ्यावें, असा नेम असे. पुढें किएरी गांवीं शिकत असतां, १८३२ सालीं, त्यानें सोबत्यांचें एक ‘आनंद-मंडळ’ काढलें. त्याचे नियम दोनच: ख्रिस्ती माणसास न शोभणारें बोलणें व वागणें टाळावें, आणि अभ्यासाचीं व धर्माचीं कर्तव्यें नीट पार पाडावीं. हें मंडळ कोणा शिक्षकानें काढून दिलेलें नव्हतें. पोट भरण्यासाठीं पडेल तें काम करून शिकणारा एक गरीब विद्यार्थी तें चालवीत होता, आणि त्याच्या संगतींत आनंद वाटतो म्हणून मुलें त्याच्याभोंवतीं जमत होतीं. पुढील सर्व कार्याचें बीज येथें आहे.

५ जून १८४१ रोजीं तुरीन येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि जॉनचे ‘डॉन बॉस्को’ झाले. ‘डॉन’ हा इटलींत पाद्रींच्या नांवामागें लावावयाचा मानाचा शब्द आहे. तुरीन शहर त्या वेळीं झपाट्यानें वाढत होतें. डोंगराळ मुलुखांतून आणि खेड्यापाड्यांतून पोरें गवंड्यांच्या हाताखालीं राबावयास येत. त्यांस घर नसे, पॅरिश नसे, आणि सुट्टीच्या दिवशीं रस्त्याखेरीज जागा नसे. आपले मार्गदर्शक फादर योसेफ कफास्सो यांच्या प्रेरणेनें डॉन बॉस्को तुरुंगांत जाऊं लागले, तेव्हां बारा ते अठरा वर्षांचीं मुलें त्यांनीं गजांआड पाहिलीं. सुटून गेलेल्यांपैकीं कित्येक थोड्याच दिवसांत परत आलेले पाहून त्यांस कळून चुकलें कीं या मुलांस शिक्षेची उणीव नाहीं. आपलें म्हणणाऱ्या माणसाची उणीव आहे.

त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणीं, घडलेला प्रसंग त्यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. मिस्सासेवा येत नाहीं म्हणून देवळाच्या सेवकानें बार्थोलोम्यू गारेल्ली नांवाच्या एका पोरक्या मुलास झोडपून हांकलून दिलें. डॉन बॉस्को यांनीं त्यास परत बोलावून घेतलें, हा आपला मित्र आहे असें त्या सेवकास बजावलें, आणि मिस्सा झाल्यावर मुलास धर्मशिक्षणाचा पहिला धडा दिला. पुढें गारेल्लीसंगें त्याच्यासारखीं आणखी मुलें येऊं लागलीं. ज्यास काल देवळांतून हांकलण्यांत आलें होतें, त्याच्याच पावलांवरून इतर मुलें देवळाकडे वळलीं. जागोजागीं हिंडून अखेर १८४६ च्या ईस्टरच्या दिवशीं, १२ एप्रिल रोजीं, व्हाल्दोक्को येथें पिनार्दी नांवाच्या गृहस्थाच्या एका ठेंगण्या पडवींत या मुलांच्या मेळाव्यास कायमची जागा मिळाली.

येथवरची हकीकत वाचून कोणास वाटेल कीं प्रेमाचा एक शब्द उच्चारला कीं मुलें सुधारतात. तसें घडलें नाहीं. १८४७ सालीं रस्त्यावर भेटलेल्या कांहीं पोरांस त्यांनीं गवताच्या माळ्यावर झोपावयास जागा दिली, वर पांघरुणें दिलीं. सकाळीं पाहतात तों पोरेंहि नाहींत आणि पांघरुणेंहि नाहींत! पुढें मे महिन्यांत पावसानें चिंब झालेला एक पोरका मुलगा रात्रीं दारीं आला. आई मार्गारेत हिनें त्यास जेवूं घातलें, विटा व फळ्या मांडून स्वयंपाकघरांत अंथरूण करून दिलें, आणि निजण्यापूर्वीं श्रम, प्रामाणिकपणा व देवधर्म यांविषयीं चार शब्द सांगितले. सालेशियन शाळांतून रात्रीं निजण्यापूर्वीं मुलांस चार हिताचे शब्द सांगण्याची जी चाल आहे, तिचा उगम या चार शब्दांत आहे असें मानतात. मात्र त्यानंतर स्वयंपाकघरास कुलूप लावण्यांत आलें, हेंहि डॉन बॉस्को यांनीं प्रांजळपणें नमूद केलें आहे. विश्वास आणि कुलूप त्या रात्रीं एकाच दारावर होते. मुलें वाढविणाऱ्या कोणत्याहि आईबापास या दोहोंचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुढें १८४८–४९ च्या राजकीय धामधुमींत तर बरींच मोठीं मुलें त्यांस सोडून निघून गेलीं. विश्वास टाकणारा माणूस फसतो, हें त्यांस आमच्याइतकेंच, किंबहुना आमच्याहून अधिक, ठाऊक होतें.

तरीहि त्यांनीं काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. कुलपें वाढविण्याऐवजीं त्यांनीं मुलांवरील जबाबदाऱ्या वाढविल्या. १८४७ सालींच त्यांनीं मुलांचें संत अलोयसियस यांच्या नांवाचें मंडळ स्थापिलें होतें. १८५० सालीं काम करणाऱ्या मुलांची परस्पर-साहाय्य संस्था निघाली. प्रत्येक सभासदानें दर रविवारीं एक सोल्दो, म्हणजे पांच सेंतेसिमी, वर्गणी द्यावी. सहा महिने सभासद राहिल्यावर जो कोणी आजारी पडेल त्यास बरा होईपर्यंत दररोज पन्नास सेंतेसिमी मिळावे. गणित साधें आहे: एका दिवसाची मदत म्हणजे दहा रविवारांची वर्गणी. म्हणजे एकाच्या दुखण्याचा भार इतर निरोगी सोबत्यांनीं उचलल्याशिवाय ही संस्था एक महिनाहि टिकणार नाहीं, हें त्या पोरांस बोटांवर मोजून कळत असे. शेजारप्रीति हा शब्द प्रश्नोत्तरींत पाठ करणें वेगळें, आणि रविवारीं खिशांतील एक सोल्दो काढून देणें वेगळें.

या शिक्षणाची खरी परीक्षा १८५४ सालीं झाली. त्या उन्हाळ्यांत तुरीन शहरांत पटकीची साथ आली. व्हाल्दोक्कोच्या आसपास घरोघरीं माणसें मरूं लागलीं, आणि रोग्यांस हात लावावयास कोणी धजेना. डॉन बॉस्को यांनीं मुलांस जमवून परिस्थिति सांगितली; आज्ञा केली नाहीं. प्रथम चौदा मुलें पुढें आलीं, मागाहून आणखी तीस. त्यांनीं रोग्यांस उचललें, धुतलें, औषध पाजलें. रोग्यांसाठीं कापड अपुरें पडूं लागलें तेव्हां मार्गारेत माउलीनें घरांतील होतें नव्हतें तें देऊन टाकलें. साथ ओसरली, आणि त्या मुलांपैकीं एकहि दगावला नाहीं. सात वर्षांपूर्वीं याच घरांतून पांघरुणें चोरीस गेलीं होतीं. आतां त्याच घरांतून पांघरुणें रोग्यांकडे जात होतीं. हा पालट एका दिवसांत झाला नव्हता, आणि तो कोणत्याहि पाठ्यपुस्तकानें घडविला नव्हता.

त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं बेक्की येथें बारा वर्षांचा एक लोहाराचा मुलगा आपल्या बापाबरोबर डॉन बॉस्को यांस भेटावयास आला. त्याचें नांव डॉमिनिक सावियो. आपण कापड आहों, तुम्ही शिंपी व्हा, अशा अर्थाचें तो त्यांस बोलला, हें प्रसिद्ध आहे. २९ ऑक्टोबरला तो व्हाल्दोक्कोस दाखल झाला. पुढें संत होण्याची इच्छा मनांत भरली तेव्हां त्यानें उपासतापास आणि देहदंड आरंभिले. डॉन बॉस्को यांनीं ते बंद करविले. आनंदी राहावें, आपलें नित्याचें कर्तव्य चोख करावें, आणि सोबत्यांसंगें खेळावें, हाच मार्ग त्यांनीं त्यास दाखविला. डॉमिनिकनें तो मानला. वसतिगृहांत कामिल्लो गाव्हियो नांवाचा एक नवा मुलगा आला होता. नुकताच दुखण्यांतून उठलेला, चित्रकलेंत हुशार, पण अंगणांत एका बाजूस उभा राहून इतरांचा खेळ पाहणारा. डॉमिनिक स्वतः होऊन त्याच्यापाशीं गेला, त्याचें दुःख विचारून घेतलें, आणि या घरीं आनंदानें राहणें हेंच संत होणें समजतात, असें त्यास सांगितलें. दुसऱ्या एका प्रसंगीं दोन विद्यार्थी दगडांनीं द्वंद्व करण्यास सिद्ध झाले असतां तो हातीं क्रूस घेऊन मध्यें उभा राहिला आणि पहिला दगड आपणांवर मारा म्हणाला. दगड दोघांच्याहि हातांतच राहिले.

परंतु आमच्या मतें त्याचें सर्वांत मोठें कृत्य हें नव्हे. एकट्या शूर मुलाची गोष्ट त्याच्याबरोबरच संपते. त्यानें जें मंडळ उभें केलें तें संपलें नाहीं. चांगल्या मुलांनीं एकेकटें चांगलें राहण्याऐवजीं एकत्र येऊन इतरांचा भार घ्यावा, असें त्याच्या मनानें घेतलें. योसेफ बोंजोव्हान्नी वगैरे सोबत्यांच्या साह्यानें त्यानें नियम तयार केले, आणि ८ जून १८५६ रोजीं पवित्र मरियेच्या वेदीपुढें ते वाचून ‘निष्कलंक मातेचें मंडळ’ स्थापन झालें. नियम एकवीस होते. घराचे नियम कसोशीनें पाळावे, वेळ वायां घालवूं नये, एकमेकांशीं बंधुभावानें वागावें, वरचेवर साक्रामेंतें स्वीकारावीं, आठवड्यांतून एकदां अर्धा तास जमावें, असें त्यांचें स्वरूप होतें. डॉन बॉस्को यांनीं ते वाचून संमति दिली आणि कांहीं अटी जोडल्या. मंडळ मात्र मुलांचेंच राहूं दिलें.

या अर्ध्या तासांत एक महत्त्वाचें काम होत असे. घरांत नवीं आलेलीं, एकटीं पडलेलीं, उनाड किंवा सारखीं शिक्षा भोगणारीं मुलें कोणतीं, याचा विचार करून त्यांपैकीं एकेक मुलगा एकेका सभासदाच्या हवालीं केला जाई. त्या सभासदानें त्याच्याशीं मैत्री जोडावी, खेळांत त्यास घ्यावें, अभ्यासांत हात द्यावा, वाट चुकूं लागल्यास हळूच सावरावें. त्या मुलास हें ठाऊकहि नसे. आपल्या शाळांत ‘मॉनिटर’ नेमण्याची रीति आहे. गुरुजी वर्गाबाहेर गेले कीं तो खडू घेऊन बोलणाऱ्या मुलांचीं नांवें फळ्यावर लिहितो, आणि गुरुजी परत आले कीं तीं नांवें त्यांच्या स्वाधीन करतो. त्या मंडळाच्या सभासदापाशींहि एक नांव असे. परंतु तें फळ्यावर लिहावयाचें नसून मनांत बाळगावयाचें असे, आणि शिक्षेसाठीं पुढें करावयाचें नसून शिक्षेपासून वांचवावयाचें असे. पुढारीपणाच्या दोन कल्पनांतील सगळें अंतर या दोन नांवांत आहे.

डॉमिनिक ९ मार्च १८५७ रोजीं वारला. त्यास पंधरावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. मंडळ त्याच्यामागें नऊ महिन्यांचें होतें. अशा वेळीं मोठ्या माणसांचीं मंडळेंहि विस्कटतात. परंतु १८ डिसेंबर १८५९ रोजीं रात्रीं डॉन बॉस्को यांच्या खोलींत अठरा जण जमले आणि सालेशियन संघ जन्मास आला. त्या अठरांत डॉन बॉस्को आणि फादर आलासोनात्ती हे दोघेच पाद्री होते. बाकीचे त्याच घरांत वाढलेले तरुण, आणि त्यांतील कित्येक डॉमिनिकच्या मंडळाचे सभासद. मिखाएल रुआ याचें वय त्या वेळीं बावीस. संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शनाचें काम त्याच्याकडे आलें. १८६३ सालीं मिराबेल्लो येथें नवी शाळा निघाली तेव्हां सव्वीस वर्षांच्या रुआ यांसच तिचे प्रमुख नेमिलें. त्यांस दिलेल्या उपदेशपत्रांत डॉन बॉस्को यांनीं मुलांस धाक वाटण्यापेक्षां प्रेम वाटेल असें वागण्यास सांगितलें, आणि रोज रात्रीं निदान सहा तास झोंप घेण्यासहि बजावलें. दुसरा सभासद जॉन कॅग्लिएरो १८७५ सालीं पहिल्या मिशनरी तुकडीचा नायक होऊन अर्जेंटिनास गेला, पुढें बिशप झाला आणि १९१५ सालीं कार्डिनल झाला. रुआ हे १८८८ पासून १९१० पर्यंत डॉन बॉस्को यांच्या गादीवर बसले. १९७२ सालीं त्यांस धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें. डॉमिनिकची गणना १९५४ सालीं संतांत झाली. सोबत्याचा भार वाहण्यास शिकलेल्या मुलांच्या हातीं पुढें एक जगद्व्यापी संघ सोंपवितां आला, असा हा इतिहास आहे.

ही पद्धति यंत्रासारखी आपोआप चालते असें मात्र कोणीं समजूं नये. बुद्धि, धर्म आणि ममता या तीन पायांवर उभी असलेली आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धति डॉन बॉस्को यांनीं १८७७ सालीं लिहून काढली. दोष घडल्यावर शिक्षा करण्यापेक्षां, शिक्षकानें मुलांत मिसळून दोषाची वेळच येऊं देऊं नये, हें तिचें सार. परंतु सातच वर्षांनीं, १० मे १८८४ रोजीं, रोमहून त्यांनीं आपल्याच व्हाल्दोक्कोच्या घरास एक व्यथित पत्र लिहिलें. शिक्षक मुलांत खेळेनासे झाले होते, मुलें त्यांस वरिष्ठ समजून दूर राहूं लागलीं होतीं, आणि घरांतील जुना मोकळेपणा ओसरत चालला होता. मुलांवर प्रेम करणें पुरेसें नाहीं, आपणांवर प्रेम केलें जातें हें मुलांस कळलें पाहिजे, असा त्या पत्राचा भाव आहे. संस्थापक हयात असतां, त्याच्याच अंगणांत, जें मंदावूं शकलें, तें आपल्या अंगणांत आपोआप टिकेल अशी आशा कोणीं कशी करावी?

ही कथा आपल्यापासून दूरच्या देशांतील असली तरी परकी राहिलेली नाहीं. सालेशियन फादर १९०६ सालीं भारतांत तंजावर येथें आले, आणि १९२८ सालीं मुंबईस ताडदेव येथें त्यांनीं काम आरंभिलें. पुढें त्यांची शाळा माटुंग्यास उभी राहिली, आणि १९५७ सालीं तेथें डॉन बॉस्कोच्या मातेचें मंदिर झालें. विद्यार्थ्यांनीं मंडळ करून एकमेकांस सांभाळावें ही कल्पनाहि आपणांस जुनीच आहे. १५६३ सालीं रोममधील जेझुइट विद्यालयांत जॉन ल्युनिस या तरुण शिक्षकानें विद्यार्थ्यांची जी सोडॅलिटी काढली, तिची नात आपल्या आजी-आजोबांच्या निळ्या फितींत आणि पदकांत दिसत असे. १९६७ सालीं त्या जगभरच्या सोडॅलिटींस नवे नांव व नवे नियम मिळाले. नांवें बदलतात, फिती पेटाऱ्यांत जातात. त्यांत खेद करण्यासारखें कांहीं नाहीं. खेद होतो तो फितीबरोबर तें कामहि पेटाऱ्यांत गेलें तर.

आतां आरंभीच्या आरोपाकडे वळूं. हल्लींच्या मुलांत पुढारीपणा नाहीं असें म्हणतांना आपण त्यांच्या हातीं आजवर काय दिलें, याचा हिशेब आपणच दिला पाहिजे. बक्षीससमारंभांत टाळ्या वाजविण्यास त्यांस बोलाविलें. समारंभाचा खर्च त्यांच्या हातीं दिला काय? मिरवणुकींत त्यांच्या हातीं मेणबत्त्या दिल्या; वाड्यांतील आजारी म्हातारीस दर रविवारीं भेटण्याचें काम दिलें काय? परीक्षेंत पहिल्या आलेल्या मुलाचें नांव फलकावर लाविलें; शेवटच्या बांकावरील मुलाचा हात त्याच्या हातांत दिला काय? हें लिहितांना आम्ही स्वतःस वेगळें काढीत नाहीं. मुलांकडून काम बिघडेल, पैसे हरवतील, सण नीट पार पडणार नाहीं, या भीतीनें आम्हींच किती वेळां किल्ली आपल्या कमरेस ठेवली आहे! ती भीति खोटी नाहीं; पांघरुणें खरोखरच चोरीस जातात. पण ज्या घरांतून तीं चोरीस गेलीं, त्या घराच्या यजमानानें पुढच्या मुलास दार उघडलें नसतें, तर वरील इतिहासांतील एकहि पान लिहिलें गेलें नसतें.

यास्तव ज्युबिलीच्या निमित्तानें आमची एकच नम्र सूचना आहे. नवी संस्था नको, नवें पदक नको. आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांतील प्रत्येक मुलामुलीच्या हवालीं खालच्या वर्गांतील एकेक मूल करावें, शिक्षकांनीं व वडील माणसांनीं दुरून पण ममतेनें लक्ष ठेवावें, आणि आठवड्यांतून अर्धा तास त्यांस देवळाच्या छायेंत एकत्र बसूं द्यावें. चुका होतील, त्या होऊं द्याव्या, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं चार प्रेमाचे शब्द सांगावे. आपल्या प्रभूनेंहि बारा साध्या माणसांच्या हातीं आपलीं मेंढरें सोंपविलीं, तीं माणसें तयार झालीं होतीं म्हणून नव्हे, तर सोंपविल्यानेंच तीं तयार होणार होतीं म्हणून. पुढल्या ज्युबिलीच्या वेळीं हें पुस्तक जे कोणी लिहितील, त्यांस आमच्या या रिकाम्या रकान्यांत कांहीं नांवें भरतां यावींत, अशी निष्कलंक मातेच्या मध्यस्थीनें परमेश्वराच्या चरणीं आमची प्रार्थना आहे.